तळघर गार, मग भुयार गरम का?

गेल्या मे महिन्यात पुण्यात मंडईच्या भुयारी मेट्रो स्थानकात सरकत्या जिन्याने उतरत होतो. पुढचे काका काकूंना सांगत होते, "इथे एसी कशाला हवा? आपल्या वाड्याचं तळघर आठव. जमिनीखाली आपोआप गारच असतं!" तोंड उघडायचा मोह तेव्हा आवरला, तो इथे फेडतो.

काकांचं निम्मं बरोबर आहे. उष्णता पुढे ढकलण्याच्या कामात दगडमाती भलती आळशी. दिवसभराचं ऊन फूटभर आत शिरतं न शिरतं तोच रात्र होते. वर्षभरात उष्णता जेमतेम पाच-सहा मीटर सरकते, तोवर पावसाळा आणि थंडी येऊन जाते. त्यामुळे दहा-बारा मीटरखाली ऋतू पोचतच नाहीत. तापमान त्या गावाच्या वार्षिक सरासरीला चिकटून राहतं. पुण्यात ते 25 अंशांच्या आसपास. व्हॉट्सअ‍ॅपवरची 'भूमातेची शीतल ऊर्जा' म्हणतात ती हीच, नुसता खडकाचा आळस! पुणे मेट्रोचं सिव्हिल कोर्टचं स्थानक तर सुमारे 33 मीटर खोल, तिथे ऋतू पोचायचा प्रश्नच नाही.

पण तळघरात लोणच्याच्या बरण्या असतात, भुयारात गाडी धावते. समजा माणसांसकट गाडीचं वजन 120 टन आणि वेग ताशी 72 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 20 मीटर. शाळेतलं सूत्र आठवा: वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. उत्तर 2 कोटी 40 लाख ज्यूल. गाडी थांबली की ही ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. नुसत्या घर्षणाच्या ब्रेकने थांबवली तर दर स्थानकावर साधारण 75 लिटर पाण्याला उकळी फुटेल एवढी उष्णता! म्हणून आताच्या गाड्यांत ब्रेक लागताना मोटरच जनित्र होते आणि बरीचशी वीज वरच्या 25 हजार व्होल्टच्या तारेत परत जाते. सगळी नाही.

शिवाय प्रत्येक प्रवासी म्हणजे 100 वॅटची शेगडी. आणि डब्यातला एसी? तो गारवा तयार करत नाही, आतली उष्णता उचलून बोगद्यात टाकतो, वर कॉम्प्रेसरची स्वतःची भर. आता तोच आळशी खडक उलटतो. बाहेरचं ऊन आत येऊ देत नव्हता, आता आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही.

लंडनमध्ये हे घडून गेलंय. 1900 च्या सुमारास तिथल्या बोगद्यांभोवतीची चिकणमाती 14 अंशांची होती. शंभर वर्षांत ती काही ठिकाणी 25 पर्यंत तापली. खोल मार्गांवर बोगदा गाडीला अगदी चपखल बसलेला, एसीची उष्णता टाकायलाही जागा नाही. नव्या भुयारी स्थानकांत म्हणून ती पंख्यांनी आणि थंड पाण्याच्या नळांतून वर रस्त्यावर आणून सोडतात.

फलाटावर पोचलो तेवढ्यात बोगद्यातून वाऱ्याचा झोत आला, काकूंचा पदर उडाला. "बघ, आली की नाही गार झुळूक?" काका म्हणाले. गाडीने दट्ट्यासारखी पुढे रेटलेली बोगद्यातली हवा ती. काकांच्या घामेजलेल्या मानेला लागली, घाम उडाला, म्हणून गार.