गावाकडे प्रोबेट सापडत नाही, कारण बहुधा ते कोणी घेतलेलेच नसते

मुंबईबाहेरच्या जिल्हा न्यायालयात जाऊन "आजोबांच्या मृत्युपत्राचं प्रोबेट हवंय" असे म्हटले (प्रोबेट म्हणजे न्यायालयाच्या शिक्क्यानिशी प्रमाणित केलेली मृत्युपत्राची प्रत), की रेकॉर्ड विभागातला कारकून तीन गोष्टी विचारतो: प्रकार कोणता, नंबर कोणता, निकाल कधीचा. यातले काहीच सांगता आले नाही तर हात हलवत परतावे लागते. पण पुष्कळदा गडबड त्याच्याही आधी झालेली असते. जो कागद शोधायला आपण निघालो, तो त्या जिल्ह्यात त्या काळी घ्यावाच लागत नव्हता, म्हणून कोणी घेतला नाही. त्याऐवजी दुसऱ्या नावाचा, दुसऱ्या कायद्याखालचा कागद काढला गेला आणि तो दुसऱ्याच रजिस्टरात चढला. कोणत्या काळात, कोणत्या मुलखात, कोणता कागद निघत होता हे कळले की शोध निम्मा आटोपतो.

सुरुवात १८२७ साली होते. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या कारकिर्दीच्या अखेरीस मुंबई इलाख्यासाठी रेग्युलेशनांची, म्हणजे त्या काळच्या कायद्यांची, जी संहिता झाली, त्यातले आठवे रेग्युलेशन वारस, मृत्युपत्राचे व्यवस्थापक आणि मालमत्तेचे कारभारी यांना न्यायालयाने रीतसर मान्यता देण्याबद्दल आहे. आपण ज्याला 'वारस दाखला' म्हणतो तो यातून निघाला. गंमत अशी, की या रेग्युलेशनचे पहिलेच कलम सांगते की वारसाला मान्यतेसाठी न्यायालयाकडे येण्याची गरज नाही. त्याने रूढीप्रमाणे मालमत्ता ताब्यात घ्यावी, वाटल्यास दावाही लावावा. अर्ज करायचा तो हक्काला कोणी अडवले किंवा पुरावा हाताशी हवा असला तर. अर्ज आला की न्यायाधीशाने जाहीरनामा काढायचा, हरकत घ्यायला एक महिन्याची मुदत द्यायची आणि हरकत टिकली नाही तर दाखला द्यायचा. हेच रेग्युलेशन आजही वापरात आहे.

मृत्युपत्रांचा कायदा वेगळ्या वाटेने आला. १८६५ चा भारतीय वारसा कायदा हिंदू-मुसलमानांना लागू नव्हता. १८७० चा हिंदू मृत्युपत्र कायदा आला तो बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या मुलखापुरता आणि मुंबई व मद्रास या शहरांपुरता. १८८१ च्या कायद्याने बाकीच्या हिंदू-मुसलमानांना प्रोबेट घेण्याची सोय दिली, सक्ती केली नाही. हे सारे १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात एकत्र आले, पण शहर आणि मोफसल, म्हणजे शहराबाहेरचा मुलूख, ही फाळणी कलम ५७ आणि २१३ मध्ये जशीच्या तशी उतरली. मृत्युपत्र मुंबई शहरात झाले असेल किंवा शहरातल्या स्थावराबद्दल असेल तरच हिंदूंना प्रोबेट सक्तीचे होते. साताऱ्याच्या शेतकऱ्याने साताऱ्यात बसून साताऱ्यातल्या जमिनीचे मृत्युपत्र केले, तर प्रोबेट लागत नव्हते. मुसलमानांना सक्ती कधीच नव्हती. भारतीय ख्रिस्ती मात्र २००२ च्या दुरुस्तीपर्यंत सक्तीत होते, म्हणून वसईसारख्या भागातल्या ख्रिस्ती घराण्यांचे प्रोबेट सापडण्याचा संभव इतरांहून पुष्कळ जास्त. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने कलम २१३ च वगळले, म्हणजे ही सक्तीच काढली. पुढच्या मृत्युपत्रांसाठी हे मोलाचे. जुन्या कागदांचा माग काढणाऱ्याला मात्र जुनाच नकाशा डोळ्यांपुढे ठेवावा लागतो.

तिसरा कागद 'वारसा प्रमाणपत्र', म्हणजे सक्सेशन सर्टिफिकेट. १८८९ च्या कायद्यातून आलेला आणि आता १९२५ च्या कायद्याच्या दहाव्या भागात बसलेला. हा फक्त येणी आणि रोख्यांसाठी: बँकेतली ठेव, शेअर, भविष्य निर्वाह निधी. जमिनीला याचा उपयोग नाही. वारस दाखला आणि वारसा प्रमाणपत्र ही नावे लोक सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. नक्कल अर्जात तसे केले, की कारकून चुकीचे रजिस्टर उघडतो आणि प्रामाणिकपणे "नोंद आढळत नाही" असा शेरा मारतो.

हे झाले जुन्या मुंबई इलाख्याचे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, तिथल्या त्या काळच्या न्यायालयीन कागदांची भाषा उर्दू. विदर्भ मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. कोल्हापूर, सांगली, मिरज, औंध, फलटण, सावंतवाडी ही संस्थाने. त्यांची न्यायालये आपापली. कोल्हापूर तर १९४९ मध्ये विलीन झाले. त्याआधीच्या संस्थानी कागदांसाठी न्यायालयाबरोबर पुराभिलेखागारातही विचारणा करावी लागते, आणि कागद मोडीत असेल तर वाचणारा शोधावा लागतो. गोव्याचे शास्त्रच निराळे: १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता, तिथली 'इन्व्हेंटरी' (मयताच्या मालमत्तेची यादी आणि वाटणी) प्रकरणे आणि नोटरीच्या वहीत लिहिलेली मृत्युपत्रे. तिथे प्रोबेट शोधू नये, नोटरीची वही शोधावी.

जिल्ह्यांच्या सीमाही हलल्या. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये रत्नागिरीतून निघाला, जालना त्याच दिवशी औरंगाबादेतून, नंदुरबार १९९८ मध्ये धुळ्यातून, पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून. कणकवलीच्या माणसाचा १९६० चा अर्ज ओरोसला, म्हणजे सिंधुदुर्गाच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, नसेल, तर तो रत्नागिरीला विचारायचा. शिवाय हे अर्ज मुळात जिल्हा न्यायाधीशाच्या अधिकारातले. पुढे ते अधिकार वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडेही आले. त्यामुळे तालुक्याला न्यायालय असूनही जुना अर्ज जिल्ह्याच्या गावी झालेला असू शकतो. न्यायालय ठरते ते मयताच्या नेहमीच्या वास्तव्यावरून किंवा मालमत्तेच्या जागेवरून. माणूस मेला मुंबईत गिरणीच्या चाळीत आणि जमीन खेडला, अशा घराण्यात दोन्ही टोके तपासावीत.

नंबर मिळवायचा कसा? न्यायालयाच्या दारात जाण्याआधी तलाठ्याकडे जावे, हा यातला सर्वांत उपयोगी सल्ला. हक्कनोंदीचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ साली आला आणि तेव्हापासून वारसाने झालेला बदल फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये चढू लागला. सातबाऱ्यावर गोल केलेले जे आकडे दिसतात ते फेरफारांचे नंबर. त्यांतला मृत्यूनंतरचा पहिला फेरफार काढा. नोंद साधारण अशी असते: "खातेदार मयत. दिवाणी न्यायालयाकडील किरकोळ अर्ज नं. २१४/१९५८, दाखला ता. १२-३-१९५९ वरून वारसांची नावे दाखल." या एका ओळीत प्रकार, नंबर, वर्ष आणि निकालाचा दिवस चारही आले. नोंदीत न्यायालयाचा उल्लेखच नसेल आणि नुसते "वारस तपासावरून" असे लिहिले असेल, तर न्यायालयात काही झालेलेच नाही असे समजायला हरकत नाही. वारस नोंदवही, म्हणजे नमुना ६-क, सोबत पाहावी. बऱ्याच तालुक्यांचे जुने फेरफार आता 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर स्कॅन केलेले मिळतात.

मृत्युपत्र नोंदलेले असेल तर दुसरी वाट दुय्यम निबंधकाकडे जाते. नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्युपत्रे पुस्तक ३ मध्ये चढतात. करणारा हयात असेपर्यंत त्याची नक्कल फक्त त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते. त्याच्या मृत्यूनंतर कोणीही अर्ज करू शकतो. शोध मात्र निबंधक कार्यालयच घेते, वही आपल्या हातात देत नाही. सोबत मृत्यूचा दाखला न जोडल्यामुळे अर्ज परत येतो, ही नेहमीची चूक.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो, पण जुन्या निकाली प्रकरणांची नोंद तिथे सापडेलच असे नाही. नावाचे रोमन स्पेलिंग त्या काळच्या कारकुनाच्या मर्जीचे. पूर्ण नाव न टाकता आडनावाची पहिली तीन-चार अक्षरे टाकावीत, आणि मयताच्या नावाने नव्हे तर अर्जदाराच्या नावाने शोधावे. आजीने अर्ज केला असेल तर रजिस्टरात आजी आहे, आजोबा नाहीत. प्रत्यक्ष रजिस्टर पाहतानाही हेच.

आता नक्कल अर्ज. त्यात न्यायालयाचे नाव, प्रकरणाचा प्रकार व नंबर, दोन्ही बाजूंची नावे, निकालाची तारीख आणि कोणता कागद हवा ते निशाणी क्रमांकासह, म्हणजे प्रकरणातल्या त्या कागदाला न्यायालयाने दिलेल्या क्रमांकासह, लिहायचे. निकालाची तारीख एवढ्यासाठी, की रेकॉर्ड रूममधले बस्ते बहुतेक ठिकाणी दाखल होण्याच्या नव्हे, निकालाच्या वर्ष-महिन्याप्रमाणे लावलेले असतात. १९५८ चा अर्ज १९६१ मध्ये निकाली निघाला, तर तो १९६१ च्या बस्त्यात असतो. निशाणी माहीत नसतील तर आधी रोजनाम्याची, म्हणजे प्रकरणाच्या दर तारखेच्या कामकाजाच्या नोंदीची, नक्कल मागावी. त्यात कोणता कागद कोणत्या निशाणीवर आला ते तारखेवार दिसते. निशाणी १ हा बहुधा मूळ अर्ज. त्यातच मयताची, वारसांची आणि मालमत्तेची यादी असते. अर्जावर कोर्ट फी स्टँप लावायचा, विभागाने सांगितलेला नकलेचा खर्च भरायचा आणि पावती जपायची. तयार नकलेवर अर्ज केल्याची, तयार झाल्याची आणि दिल्याची तारीख असते. अपिलाची मुदत मोजायला त्या लागतात, म्हणून शिक्का पुसट असेल तर तिथेच परत द्यावी.

आपण त्या प्रकरणात पक्षकार नसाल तर कारण सांगणारे शपथपत्र आणि नातेसंबंधाचा पुरावा जोडावा लागतो आणि अर्ज न्यायाधीशांपुढे आदेशासाठी जातो. "माहितीसाठी" एवढेच कारण लिहिलेला अर्ज अडकतो. "अमुक गटाच्या जमिनीत वारस म्हणून दावा दाखल करण्यासाठी" असे लिहिलेला सुटतो. माहिती अधिकाराचा वळसा घेऊन उपयोग नाही. गुजरात उच्च न्यायालयाच्या नियमांवरून निघालेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले, की न्यायालयीन कागदांच्या नकला न्यायालयाच्या स्वतःच्या नियमांनीच घ्यायच्या.

प्रोबेट खरोखर निघालेले असेल तर पदरात बरेच पडते. प्रोबेट म्हणजे न्यायालयाच्या शिक्क्यानिशी प्रमाणित केलेली मृत्युपत्राची प्रत. मूळ मृत्युपत्र न्यायालयातच राहते. कलम २९४ म्हणते, की सार्वजनिक मृत्युपत्र-नोंदणी कार्यालय स्थापन होईपर्यंत जिल्हा न्यायाधीशाने ही मुळे आपल्या दप्तरात जपावीत. ते कार्यालय येईपर्यंत म्हणून लिहिलेली तरतूद शंभर वर्षे तशीच चालू आहे, आणि मूळ मृत्युपत्रे जिल्ह्याजिल्ह्यांच्या कपाटांत आहेत. त्याहून दुर्लक्षित कागद म्हणजे कलम ३१७ खालची यादी: प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांत मालमत्तेची आणि कर्जांची संपूर्ण यादी, वर्षाच्या आत हिशेब. भांडीकुंडी, दागिने, सावकाराचे देणे असे सगळे तिथे उतरलेले असते. लोक प्रोबेटची नक्कल घेऊन समाधान मानतात आणि ही यादी मागतच नाहीत.

एक अडचण वारंवार येते. कोणी हरकत घेतली की प्रोबेटचा अर्ज दाव्यासारखा चालतो आणि त्याला दाव्याचा नवा नंबर पडू शकतो. किरकोळ अर्जांच्या रजिस्टरात शेऱ्याच्या रकान्यात तो नंबर लिहिलेला असतो; तो रकाना वाचलाच नाही तर प्रकरण हवेत विरल्यासारखे वाटते.

आणि कधी कागद खरेच नसतो. निकाली प्रकरणातले कागद ए, बी, सी, डी अशा फायलींत विभागले जातात. काही दीर्घकाळ राहतात, काही ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट होतात. १९१७ पासून त्याला कायदाच आहे. तोंडी "मिळत नाही" यावर परत येऊ नये. अर्जावर लेखी शेरा मागावा: रेकॉर्ड नष्ट झाले असल्यास कोणत्या तारखेला, कोणत्या नोंदीने. रजिस्टरातल्या त्या प्रकरणाच्या ओळीची प्रमाणित नक्कलही सोबत घ्यावी. मूळ नष्ट झाल्याचा हा शेरा हाती असला, तरच फेरफारासारखा दुय्यम पुरावा पुढे दिवाणी न्यायालयात मांडायला वाट मिळते.