मेसेज पुसू नका, फोन सोबत आणा
पाठलाग आणि संरक्षण आदेशाच्या भंगाची तक्रार टाइप करून घेणाऱ्या भगिनींसाठी : जिल्हा न्यायालयाजवळचे टायपिंग व झेरॉक्स केंद्र, सोलापूर

सगळ्यात जास्त वेळ एकाच गोष्टीत जातो. घरच्यांना दिसू नये म्हणून किंवा संतापाने चॅट डिलीट केलेले असते आणि मैत्रिणीला फॉरवर्ड केलेले चार स्क्रीनशॉट तेवढे उरतात. ब्लॉक केल्याने जुने मेसेज जात नाहीत, डिलीट केल्याने जातात. म्हणून आधी जतन करा, मग खुशाल ब्लॉक करा.

नंबर ‘उचलू नको’ अशा नावाने सेव्ह असेल तर स्क्रीनशॉटवर तेवढे नावच येते. त्या नावावर दाबून नंबर दिसणाऱ्या पानाचाही स्क्रीनशॉट घ्या. ताज्या मेसेजवर तारखेऐवजी ‘आज’, ‘काल’ असे दिसते, त्यामुळे व्हॉट्सॲपमधले ‘एक्सपोर्ट चॅट’ही करून ठेवा. त्यात प्रत्येक मेसेजपुढे तारीख-वेळ येते. आपोआप पुसले जाणारे मेसेज चालू असतील तर ते आधी बंद करा.

फॉरवर्ड केलेल्या फोटोवरून आम्ही पुराव्याच्या प्रिंटचा संच करत नाही, यावरून काहीजणी नाराज होतात. पण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रिंटसोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य (फाइलवरून संगणक काढतो तो तिचा अंक-अक्षरी ठसा) लिहावे लागते. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना त्याचा आकार कमी करते. मग हॅश बदलते आणि मूळ फाइलशी जुळत नाही. आम्ही फोन केबलने जोडून, तुमच्यासमोरच फाइल उतरवतो. प्रमाणपत्राचा भाग ‘अ’ टाइप करून देतो, त्यावर सही तुमची. भाग ‘ब’ तज्ज्ञाचा असतो, त्यावर आम्ही सही करत नाही.

पाठलागाचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली येतो. १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनांना जुन्या भारतीय दंड संहितेचे कलम ३५४-ड लागते. स्त्रीने स्पष्ट नकार दिल्यावरही वारंवार मागे येणे, संपर्क साधणे, तसेच तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणे यात मोडते. पहिल्यांदा दोष सिद्ध झाला तर ३ वर्षांपर्यंत कैद व दंड, पुन्हा झाला तर ५ वर्षांपर्यंत आणि गुन्हा अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही). ‘स्पष्ट नकार’ कागदावर दिसला पाहिजे. ‘माझ्याशी संपर्क करू नका’ एवढा एकच मेसेज पाठवा आणि मग वाद घालत बसू नका.

‘रोज त्रास देतो’ असे लिहून भागत नाही. विडी कारखान्याच्या ब्रँचबाहेर, कॉलेजच्या गेटवर, एसटी स्टँडवर तो जिथे दिसला तिथली तारीख, वेळ, सोबत कोण होते आणि गाडीचा नंबर वहीत लिहून आणा. अर्ज मग लवकर टाइप होतो.

संरक्षण आदेशाचे, म्हणजे त्रास देऊ नये, संपर्क करू नये अशा कोर्टाच्या आदेशाचे, प्रकरण वेगळे. तो २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली, घरगुती नात्यातल्या माणसाविरुद्धच मिळतो. शेजारचा किंवा ओळखीचा त्रास देत असेल तर कलम ७८ चाच मार्ग. आदेश मोडला, मग तो अंतरिम (निकालापर्यंतचा तात्पुरता) असला तरी, कलम ३१ खाली १ वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा गुन्हा दखलपात्र (पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र आहे. येताना आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल आणा. नुसता अर्जाचा नंबर म्हणजे आदेश नव्हे. पहिली नक्कल कोर्ट विनामूल्य देते आणि एक तुमच्या हद्दीच्या पोलिस ठाण्यालाही जाते. ती तिथे पोहोचली का, ते जाऊन विचारा.

घटना कुठल्याही हद्दीत घडली असली तरी कोणत्याही पोलिस ठाण्यात शून्य क्रमांकाने (झिरो एफआयआर) फिर्याद नोंदवता येते आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. ठाण्यात घेतली नाही तर शहरात पोलिस आयुक्तांना, ग्रामीण भागात पोलिस अधीक्षकांना लेखी टपालाने कळवता येते. तो अर्जही आम्ही टाइप करून देतो, पोस्टाच्या पाकिटासह. कायद्याचा सल्ला मात्र वकिलांकडूनच घ्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

तो माणूस आत्ता दारात उभा असेल तर आमच्याकडे येऊ नका, आधी ११२ लावा. महिला हेल्पलाइन १८१.