घेतलेलं परत केलं का?

गावातल्या सेवा केंद्रात फोनला केबलने जोडलेलं एक छोटं यंत्र असतं. त्यावर अंगठा ठेवायचा, ठसा जुळला की काम झालं. त्या यंत्राचं आणि ॲपचं बोलणं घडवून आणतो तो कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्स कर्नल असतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिहायला घेतला तोच. हार्डवेअरचा कुठला भाग या घडीला कुणाच्या ताब्यात आहे, याचा हिशेब हा कर्नल ठेवतो.

चिपमधल्या बहुतेक भागांना पत्त्यांचा एकेक पट्टा नेमून दिलेला असतो. त्या पत्त्यावर आकडा लिहिला की हार्डवेअर हलतं. दोन ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारे कोडचे तुकडे, एकाच पट्ट्यात लिहू लागले तर काय होईल ते सांगता येत नाही. म्हणून कर्नल वावराच्या सातबाऱ्यासारखी नोंद ठेवतो: पट्टा कुठून कुठवर आणि कुणाच्या नावे. लिनक्स संगणकावर ॲडमिनच्या हक्काने ‘/प्रॉक/आयओमेम’ ही फाइल उघडली की ही नोंद वाचता येते. मोठ्या पट्ट्याच्या पोटात लहान पट्टे दिसतात. आधीच दिलेला पट्टा मागणाऱ्या ड्रायव्हरला नकार मिळतो आणि तो ‘बिझी’, म्हणजे एरर क्रमांक १६, असं वर कळवतो.

पण सातबारा असला म्हणून धुरा कोरणारा थांबतो असं नाही. इथेही तसंच आहे. नोंद न करता थेट पत्ता वापरणाऱ्या ड्रायव्हरला कर्नल सहसा अडवत नाही. नियम आहे, पण तो पाळायचा ड्रायव्हर लिहिणाऱ्याने. तो पाळला की नाही हे पाहायला कुणीतरी कोड ओळीओळीने वाचावा लागतो.

हे वाचन कसं करायचं? नवखा माणूस सगळं सुरळीत चाललं तर काय होईल ते वाचतो. मुरलेला माणूस बिघाडाच्या वाटा वाचतो. समजा ड्रायव्हर सुरू होताना आधी वीजपुरवठा चालू करतो, मग क्लॉक (चिपला ताल देणारा सिग्नल), मग पत्त्यांचा पट्टा घेतो आणि शेवटी इंटरप्ट, म्हणजे हार्डवेअरकडून येणाऱ्या इशाऱ्याची वाट, मागतो. इंटरप्ट मिळाला नाही. आता आधी घेतलेल्या तीनही गोष्टी परत करायच्या, आणि त्याही उलट्या क्रमाने. क्लॉक बंद करायचा राहिला, तर बॅटरी विनाकारण खर्च होत राहते आणि कारण कुणाला कळत नाही. अशी वाट चाचणीत क्वचितच चालली जाते, कारण इंटरप्ट बहुतेकदा मिळतोच. म्हणून मला वाटतं, या कोडसाठी डोळ्यांनी केलेली तपासणी चाचणीइतकीच मोलाची आहे.

एकच वस्तू अनेकजण वापरत असतील तर कर्नल वापरणाऱ्यांची मोजणी ठेवतो. घेताना एक वाढवायचा, सोडताना एक कमी करायचा, शून्य झालं की वस्तू मोकळी. २०१६ च्या जानेवारीत लिनक्समधला एक दोष उघड झाला. तो हार्डवेअरचा नव्हता, गुप्त किल्ल्या सांभाळणाऱ्या भागातला होता, पण चूक याच जातीची. एका फांदीवर मोजणी कमी करायची राहून गेली होती. मुद्दाम तीच फांदी पुन्हा पुन्हा चालवली की ३२ बिटांची मोजणी ४२९ कोटींच्या पुढे जाऊन फिरून शून्यावर येई. वस्तू वापरात असतानाच तिची मेमरी मोकळी होई, आणि साध्या वापरकर्त्याला संपूर्ण यंत्राचा ताबा मिळवता येई. हा दोष कर्नलच्या ३.८ आवृत्तीपासून तिथेच होता. पुढे २०१७ मध्ये आलेला मोजणीचा नवा प्रकार टोकाला पोचला की तिथेच अडकून राहतो, शून्यावर परतत नाही.

आता पुन्हा ठशाच्या यंत्राकडे येऊ. ॲप ठसा वाचत असतानाच कुणी केबल उपटली तर? यंत्र गेलं म्हणून ड्रायव्हरने आपली मेमरी मोकळी केली, पण यंत्राशी बोलायला ॲपने उघडलेली फाइल अजून उघडीच आहे. ॲपची पुढची मागणी मोकळ्या झालेल्या मेमरीत जाऊन पडते. २००७ पासून लिनक्समध्ये घेतलेलं सगळं आपोआप, उलट्या क्रमाने परत करणारी सोय आहे. तिने विसराळूपणाच्या असंख्य चुका टाळल्या. पण ती सोय बांधलेली असते यंत्राशी, ॲपशी नाही. म्हणून ती दिसली की तपासणाऱ्याने निर्धास्त व्हायचं नाही. ‘ही मेमरी शेवटी कोण सोडणार?’ हे विचारायचंच.

डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीपासून कर्नलमध्ये रस्ट या प्रोग्रामिंग भाषेला जागा मिळाली. तिचा कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत आणणारा प्रोग्राम, मेमरीच्या मालकीच्या कितीतरी चुका कोड चालण्याआधीच पकडतो, याचा मला मनापासून आनंद आहे. तरी या चिपला आधी वीज द्यायची की आधी रीसेट (चिपला थोपवून धरणारा सिग्नल) सोडायचा, हे कंपायलरला आपणहून कळत नाही. ते चिपच्या माहितीपुस्तिकेत असतं आणि ती वाचलेला माणूसच चूक दाखवू शकतो.

तो माणूस पुण्या-बंगळुरूतच असायला हवा असं नाही. कर्नलमधला बदल म्हणजे साधा मजकूर, बहुतेकदा काही किलोबाइटचा. दारव्ह्याच्या किंवा आर्वीच्या एखाद्या खेड्यातही नेट रडतखडत चालत असताना तो उतरतो, आणि वीज गेली तरी कागदावर वाचता येतो. कॉलेजातल्या पोरापोरींनी एखादा छोटा ड्रायव्हर निवडावा. कागदाच्या एका बाजूला घेतलेली प्रत्येक गोष्ट लिहावी, दुसऱ्या बाजूला ती कुठे परत केली ते, आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वाटेसाठी ही यादी नव्याने करावी. तपासून खात्री पटली की बदलाखाली ‘रिव्ह्यूड-बाय’, म्हणजे ‘यांनी तपासलं’, अशी ओळ आपल्या नावानिशी देता येते. बदल स्वीकारला गेला की ती ओळ कर्नलच्या इतिहासात कायमची राहते.