सहीचा जुना सरकारी कागद विकताय? आधी तो घरचा की कचेरीचा ते पाहा

गोव्यात चवथीच्या आधी माळा झाडून झाला की दोन-तीन जण तरी पिशवी घेऊन माझ्याकडे येतात. अर्ज लिहून देणं हा माझा धंदा. पिशवीत पोर्तुगीज स्टॅम्पपेपर, मोडीतले हिशेब आणि मधेच एखाद्या गव्हर्नराची लांबलचक सही. "संग्राहक चांगले पैसे देतो म्हणतो, देऊ का?" हा ठरलेला प्रश्न. किंमत मी सांगत नाही, ते माझं काम नव्हे. कागद कोणाचा, हे मात्र विचारतो.

गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांचं उदाहरण घ्या. पदावर असताना त्यांनी तुमच्या आजोबांना सही करून पत्र पाठवलं असेल, तर ते घरचं. त्यांनीच सरकारी फाईलवर शेरा मारून सही केली असेल, तर तो कागद कोणाच्याही कपाटात सापडो, सरकारचाच. रद्दीवाल्याकडून पैसे मोजून घेतला म्हणून तो तुमचा होत नाही. सार्वजनिक अभिलेखांसाठी १९९३ चा वेगळा कायदा आहे. केंद्राच्या परवानगीशिवाय असा अभिलेख देशाबाहेर नेला तर पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

घरचा की कचेरीचा, हे बरेचदा कागदच सांगतो. वरच्या कोपऱ्यात पान क्रमांक, डाव्या कडेला शिवणीची भोकं, एकाच पानावर तीन वेगवेगळ्या माणसांच्या नोंदी असं दिसलं की ते कचेरीच्या वहीतून सुटलेलं पान समजावं. पक्षकाराला दिलेल्या प्रतीत सहसा एकाच माणसाचं प्रकरण असतं आणि घड्या पडून पडून तिचे चौकोन झालेले असतात. कोमुनिदादीची (गावाची सामायिक जमीन सांभाळणारी जुनी संस्था) आणि देवळाच्या महाजनांची (देवस्थानाचे वंशपरंपरागत सभासद) दप्तरं तर हमखास फसवतात. पूर्वी लिहिणाऱ्याच्या घरीच ती राहायची, त्यामुळे नातवाला वाटतं, आजोबांचीच. ती संस्थेची.

मग वय. पुरावशेष आणि कलानिधी कायदा १९७२ चा, पण लागू झाला ५ एप्रिल १९७६ पासून. पुरावशेष, म्हणजे कायद्याने जपलेली जुनी वस्तू, ठरायला मूर्ती, भांडी वगैरेंना शंभर वर्षांची अट. हस्तलिखित, अभिलेख, दस्तऐवज यांना पंचाहत्तरच. त्यामुळे ही रेषा दरवर्षी पुढे सरकते. १८ जून १९४६ ला मडगावात पोर्तुगीज राजवटीविरुद्ध राममनोहर लोहियांची सभा झाली. त्या दिवशीच्या एखाद्या हुकमाला २०२१ मध्येच पंचाहत्तर भरली. पोर्तुगीज अमदानीतले शेवटचे, डिसेंबर १९६१ चे कागद २०३६ मध्ये रेषा ओलांडतील. नुसतं वय पुरत नाही. ऐतिहासिक, शास्त्रीय, वाङ्मयीन किंवा कलात्मक मोलही हवं. त्यावर वाद झाला तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी ठरवतो आणि तो निर्णय अंतिम असतो. सर्वेक्षणाच्या गोवा मंडळाचं कार्यालय जुन्या गोव्यात आहे.

विकायला परवाना लागतो का? पुरावशेष विकण्याचा व्यवसाय करणाऱ्याला लागतो. घरातला वारसाचा एखादा कागद एकदाच देणं म्हणजे व्यवसाय नव्हे. दर महिन्याला चार घरांतून कागद गोळा करून विकत असाल तर तुम्ही व्यापारी. परवाना देताना अर्जदाराचा या धंद्यातला अनुभव आणि त्या गावात आधीच असे किती व्यापारी आहेत, हेही पाहतात. नोंदणीबद्दल लोक उगीच घाबरतात. हस्तलिखितात चित्रं असतील तर नोंदणी सक्तीची. नुसत्या सहीच्या कागदाला ती लागत नाही.

गिऱ्हाईक लिस्बनचं असेल तर तिथेच थांबा. पुरावशेष देशाबाहेर पाठवायचा अधिकार फक्त केंद्र सरकारला आणि त्याने नेमलेल्या संस्थेला. कुरियरमध्ये "जुनी पत्रं" लिहून पाठवलं आणि पकडलं, तर किमान सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, वर दंड. कागद त्या व्याख्येत बसतच नसेल तर सर्वेक्षणाकडून तसा दाखला आधी घ्यावा. त्यासाठी अर्ज, फोटो आणि प्रत्यक्ष वस्तू दाखवण्याची तयारी लागते.

विकणारा पात्र आहे का, इथे आपल्या गोव्याचा घोळ येतो. वाटणी झाली नसेल तर पेटाऱ्यातला कागद सगळ्या वारसांचा. चावी थोरल्याकडे आहे म्हणून तो एकटा मालक ठरत नाही. म्हणून ओळखपत्राबरोबर स्पेशल नोटरीकडचं (म्हणजे सब-रजिस्ट्रारकडचं) डीड ऑफ सक्सेशन, म्हणजे वारस कोण हे सांगणारा दस्त, किंवा इन्व्हेंटरीच्या, म्हणजे कोर्टातल्या वारसा-वाटणीच्या, आदेशाची प्रत आणि इतर वारसांची लेखी संमती जोडावी. कागद कुठून आला, कोणाच्या ताब्यात होता, हे अर्ध्या पानात लिहून सही करावी. चांगला संग्राहक हे पान मागतोच. जो मागत नाही, त्याच्याशी मी व्यवहार करू देत नाही.

पणजीच्या पुराभिलेख संचालनालयाला भेट किंवा विक्रीचा प्रस्तावही देता येतो. या दप्तरखान्याची सुरुवात १५९५ ची, पहिला रखवालदार दियोगु दु कौतु. अर्जात तारीख, भाषा, पानं, सही कोणाची, कागदाची अवस्था एवढं लिहावं.

एका गृहस्थांनी गव्हर्नराच्या सहीचा आफ्रामेंताचा (जमीन कायमच्या खंडाने दिल्याचा) कागद लॅमिनेट करून आणला होता. प्लास्टिकखाली शाई पसरली होती आणि कसरीने केलेली भोकं कायमची बंद झाली होती. संग्राहकाने हात लावला नाही. मी म्हटलं, बरं झालं. त्याच जमिनीचा दावा मामलेदाराकडे चालू होता, आणि हा कागद त्यांचा पुरावा. आल्वारा (जमीन दिल्याचं सरकारी हुकूमपत्र), आफ्रामेंत असलं काही असेल तर आधी वकिलाला दाखवा. दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. दस्तनोंदणीचा शिक्का आणि क्रमांक पुष्कळदा मागच्या बाजूलाच असतो.