प्रोबायोटिक जिवाणू आणि कर्करोग : एक खुलासा

प्रोबायोटिक जिवाणूंनी (म्हणजे आरोग्यासाठी मुद्दाम पोटात घेतल्या जाणाऱ्या जिवाणूंनी) तयार केलेली द्रव्ये कर्करोग बरा करतात, हा समज वर्षानुवर्षे फिरत असला तरी त्याचा आधार मुख्यत्वे प्रयोगशाळेतील पेशींवरचे आणि उंदरांवरचे प्रयोग एवढाच आहे. या दाव्यात पुढे केले जाणारे ब्युटिरेट (जिवाणूंनी बनवलेले एक मेदाम्ल) हे मोठ्या आतड्याच्या निरोगी पेशींचे इंधन असते. ग्लुकोजवर विसंबणाऱ्या कर्कपेशींत मात्र ते साठून जनुकांच्या नियंत्रणात ढवळाढवळ करते आणि त्या पेशींना मरणाकडे नेते. हे खरेच, आणि विलक्षणही. परंतु ब्युटिरेट प्रामुख्याने आतड्यातील मूळचे जिवाणू तंतुमय पदार्थांपासून बनवतात, नेहमीच्या प्रोबायोटिक कॅप्सूलमधील लॅक्टोबॅसिलस जिवाणू नव्हे (जाहिराती हे सोयीस्करपणे गाळतात). शिवाय २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेलॅनोमावरील (त्वचेच्या एका कर्करोगावरील) अभ्यासात प्रोबायोटिक दिलेल्या उंदरांत इम्युनोथेरपीचा (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध कामाला लावणाऱ्या उपचाराचा) परिणाम उलट घटला. केमोथेरपीने प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांत हे जिवाणू क्वचित रक्तात शिरून संसर्गही घडवतात.