एक्स-मॅक्स बदलल्यावर नेमकं काय बदलतं? व्हेन्सिमचं लुकअप आणि स्टेलाचं ग्राफिकल फंक्शन

सिस्टिम डायनॅमिक्सची, म्हणजे काळाबरोबर बदलणाऱ्या व्यवस्थांची, मॉडेलं व्हेन्सिम किंवा स्टेला या सॉफ्टवेअरमध्ये करायला लागलेल्यांची एक तक्रार ठरलेली असते. (लुकअप म्हणजे इनपुटवरून किंमत देणारं टेबल, एक्स-मॅक्स म्हणजे त्याच्या आलेखातल्या आडव्या अक्षाची कमाल मर्यादा.) "लुकअपची एक्स-मॅक्स १ ची २ केली, तरी इनपुट टेबलाच्या वर गेल्याची वॉर्निंग व्हेन्सिम देतंच आहे." त्यावर कोणीतरी जाणता सल्ला देतो, "स्टेलात करून बघ, तिथे लगेच फरक पडतो." फरक पडतो, यात वाद नाही. पण पडलेला फरक विचारणाऱ्याला हवा होता का, हे कोणी बघत नाही. आणि मग "दोन्ही एकच, फक्त खिडकी वेगळी" हे वाक्य पुढच्या बॅचपर्यंत जातं. दोन्ही एकच नाहीत.

व्हेन्सिमचं लुकअप बहुतेकांच्या हातातलं आहे, म्हणून थोडक्यात. एका राशीचा दुसरीवर होणारा परिणाम सोप्या सूत्रात बसत नसेल तर आपण बिंदूंच्या जोड्या देतो. दोन बिंदूंच्या मधली किंमत सॉफ्टवेअर सरळ रेषेवरून काढतं. इनपुट टोकाच्या पलीकडे गेलं तर टोकाचीच किंमत धरून ठेवतं आणि तशी वॉर्निंग देतं. स्टेलाचं ग्राफिकल फंक्शन हेच काम करतं. व्हेन्सिममध्ये लुकअप वेगळं चल म्हणून ठेवता येतं किंवा विथ लुकअप हे फंक्शन वापरून समीकरणातच लिहिता येतं, स्टेलात ते सहसा कन्व्हर्टरच्या (मदतीच्या चलाच्या) किंवा फ्लोच्या (प्रवाहाच्या) पोटातच असतं. बटणं वेगळी, रंग वेगळे. यात आजवर कोणी अडकलेलं नाही.

अडकतात ते आडव्या अक्षाच्या किमान-कमाल चौकोनांत.

व्हेन्सिममध्ये लुकअपचं समीकरण मजकूर म्हणून उघडा. सुरुवातीला चौकटी कंसात काही आकडे दिसतील आणि कंस संपल्यावर बिंदूंच्या जोड्या. चौकटी कंसातले आकडे फक्त आलेख दाखवण्यासाठी आहेत. सिम्युलेशन त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. एक्स-मॅक्स बदलली की हेच आकडे बदलतात, बिंदू जिथल्या तिथे राहतात. खिडकी रुंद केली म्हणून बाहेरचं झाड जागचं हलत नाही, तसं. उलट एक्स-मॅक्स कमी केली तर काही बिंदू चित्राबाहेर जातील, पण हिशेबात ते जिवंतच असतात.

स्टेलातल्या नेहमीच्या, समान अंतराच्या ग्राफिकल फंक्शनमध्ये गोष्ट उलटी आहे. तिथे तुम्ही साठवता त्या फक्त उभ्या अक्षाच्या किमती. त्या आडव्या अक्षावर कुठे बसतील हे किमान, कमाल आणि बिंदूंची संख्या यांवरून ठरतं. म्हणजे कमाल मर्यादा हाच टेबलाचा अर्धा मजकूर. ती बदललीत की एक सोडून सगळे बिंदू सरकले.

आकडे घालून बघू. सिस्टिम डायनॅमिक्सचे जनक जे. डब्ल्यू. फॉरेस्टर यांच्या १९७१ सालच्या वर्ल्ड-२ या जगाच्या मॉडेलात शिल्लक नैसर्गिक संसाधनांच्या प्रमाणावरून एक गुणक काढलेला आहे. इनपुट ० ते १, पायरी ०.२५, आणि गुणकाच्या किमती ०, ०.१५, ०.५, ०.८५, १. संसाधनं पूर्ण शाबूत असतील तर गुणक १, निम्मी उरली तर ०.५, पाव उरली तर ०.१५. आता दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये हे टेबल भरा आणि कमाल मर्यादा १ ची २ करा. (या मॉडेलात हे इनपुट १ च्या वर जातच नाही. पण चुकीने कोणी काय टाईप करेल याला मॉडेलाची परवानगी लागत नाही.)

व्हेन्सिममध्ये वक्र चित्राच्या डाव्या अर्ध्या भागात जाऊन बसेल. इनपुट १ ला गुणक १, ०.५ ला ०.५. मॉडेल जसंच्या तसं.

स्टेलात त्याच पाच किमती आता ०, ०.५, १, १.५ आणि २ वर बसल्या. इनपुट ०.५ ला गुणक ०.१५. इनपुट १ ला ०.५. वर्ल्ड-२ सुरू होतं १९०० सालात, तेव्हा संसाधनं पूर्ण आहेत, म्हणजे इनपुट १. हा गुणक परिणामकारक भांडवलात थेट गुणला जातो, त्यामुळे भौतिक राहणीमान पहिल्याच क्षणी निम्म्यावर येतं. वॉर्निंग नाही, एरर नाही. आणि आलेख? तो आधी होता तसाच देखणा दिसतो, कारण वक्राचा आकार तोच आहे, फक्त खालचे आकडे बदलले आहेत. खालचे आकडे कोण वाचतं!

आता गंमत बघा. स्टेलाच्या त्याच चौकोनात उभ्या अक्षाचेही किमान-कमाल असतात, आणि ते मात्र निव्वळ दाखवण्यापुरते. मॉडेल लिहून ठेवण्याच्या एक्समाइल या प्रमाणित पद्धतीत, जी २०१५ मध्ये ओएसिस या संस्थेने मानक म्हणून मंजूर केली, हे स्पष्ट लिहिलेलं आहे: उभ्या अक्षाच्या मर्यादेचा फंक्शनच्या वागण्याशी संबंध नाही. आडव्या अक्षाची मर्यादा मात्र, आडव्या किमती वेगळ्या दिलेल्या नसतील तर, बिंदूंची जागाच ठरवते. एकाच खिडकीत शेजारीशेजारी दोन जोड्या, एक शोभेची आणि एक जिवावर बेतणारी, आणि दिसायला दोन्ही सारख्या. मला विचाराल तर ही मांडणीच वाईट आहे.

हे असं का झालं याला इतिहास आहे. एमआयटीत १९५० च्या दशकाच्या शेवटी डायनॅमो ही भाषा आली. तिच्यात टेबल लिहायची पद्धत अशी: किमतींची एक ओळ, आणि ते टेबल जिथे वापरायचं त्या समीकरणात किमान, कमाल आणि पायरी. वर्ल्ड-२ चं वरचं टेबल मुळात तसंच लिहिलेलं आहे, ०, १ आणि ०.२५ हे आकडे समीकरणात आहेत. १९८५ च्या सुमारास आलेल्या स्टेलाने समान अंतराची तीच पद्धत उचलली आणि तिला माऊसने ओढायचा आलेख दिला. व्हेन्सिम बिंदूंच्या जोड्यांकडे गेलं. म्हणजे स्टेला विचित्र वागत नाही, जुन्या घराण्याच्या रीतीने वागतं. आणि त्या रीतीचा एक गुण मीही मानतो. अंतर समान असलं की लागोपाठच्या किमतींची वजाबाकी करून चढ नजरेनेच कळतो. वरच्या टेबलात ०.१५, ०.३५, ०.३५, ०.१५. दोन्ही टोकांना मंद, मध्ये तीव्र, आणि दोन्ही बाजूंनी सारखा. जोड्यांच्या रांगेत, त्यातही अंतरं असमान असतील तर, हे इतक्या पटकन दिसत नाही.

तरी माझं मत जोड्यांच्या बाजूने. आडवी किंमत लिहिलेली असली की ती चुकून हलत नाही.

मग सुरुवातीच्या तक्रारीचं काय? व्हेन्सिममध्ये एक्स-मॅक्स वाढवून वॉर्निंग जाणार नाही, कारण टेबलाचा शेवट म्हणजे शेवटचा बिंदू, चित्राची कड नव्हे. उपाय एकच: पुढे एक बिंदू घाला. तो किती उंचीवर ठेवायचा हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर सॉफ्टवेअरकडे नाही. इनपुट दुप्पट झालं तर प्रत्यक्षात काय होईल, हे तुम्हाला ठरवावं लागतं. वक्र तिथे सपाटच राहतो असं वाटत असेल तर सपाट बिंदू घाला, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की तो विचार करून सपाट ठेवलाय, राहून गेलेला नाही. वॉर्निंग बंद करणं हा उपाय नव्हे. तसं सुचवणाऱ्यांची मॉडेलं मी वाचत नाही.

मॉडेल हाताने इकडून तिकडे नेताना हाच गोंधळ दुसऱ्या वेषात येतो. व्हेन्सिममध्ये समजा तीन बिंदू आहेत: ० ला ०, ०.१ ला ०.६, १ ला १. म्हणजे सुरुवातीला झपाट्याने चढून मग रेंगाळणारा वक्र. कोणीतरी फक्त उभ्या किमतींचा रकाना उचलतो आणि स्टेलात ० ते १ च्या अक्षावर चिकटवतो. मधला बिंदू आता ०.५ वर आहे. झपाटा गेला, जवळजवळ सरळ रेषा उरली. एक्समाइलमध्ये आडव्या किमती वेगळ्या देण्याची सोय आहे, ती वापरा. किंवा मूळ वक्र आधी समान अंतरावर वाचून घ्या, पुरेसे बिंदू घेऊन, आणि मग भरा. उलट दिशेने, स्टेलातून व्हेन्सिममध्ये येताना, हा धोका नाही. प्रत्येक किमतीला तिची आडवी जागा लिहून द्यायची, झालं.

टोकाबाहेरच्या वागण्याबद्दल दोन ओळी. मूळ वागणं दोन्हीकडे टोकाची किमत धरण्याचंच. रेषा पुढे वाढवायची असेल किंवा पायऱ्यांसारखं टेबल हवं असेल तर स्टेलात तो त्या ग्राफिकल फंक्शनचाच गुण म्हणून निवडतात. व्हेन्सिममध्ये टेबल तेच राहतं, वापरताना रेषा वाढवायला लुकअप एक्स्ट्रापोलेट, पायऱ्यांसाठी लुकअप फॉरवर्ड किंवा लुकअप बॅकवर्ड ही फंक्शनं लिहायची. सिम्युलिंक या ब्लॉक जोडून मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरहून येणाऱ्यांनी मात्र जपून राहावं. तिथल्या लुकअप टेबल ब्लॉकमध्ये काही न बदलता सोडलं तर रेषा टोकाच्या पुढेही वाढत जाते, आणि टोकाला थांबवायचं असेल तर क्लिप हा पर्याय आपण निवडावा लागतो.

व्हेन्सिमच्या चौकटी कंसात मर्यादांच्या पुढे कधीकधी आणखी बिंदू दिसतात, त्याबद्दलही विचारलं जातं. ते संदर्भाचे बिंदू, तुलनेसाठी मागे दिसणारी रेष. मजकुरात जाऊन ते दुरुस्त करत बसलात तर मॉडेल ढिम्म हलणार नाही. खरे बिंदू कंसाच्या बाहेर.

आणि माऊस. माऊसने वक्र ओढून ठेवलेली टेबलं मला बघवत नाहीत. १ ला १ असायला हवं तिथे ०.९९१२, ० ला ० हवं तिथे ०.००४४. इनपुट आपण मूळ किमतीने भागून घेतो ते कशासाठी? इनपुट १ असताना परिणामही नेमका १ यावा, आणि मॉडेल समतोलात सुरू व्हावं, यासाठीच. तो ०.९९१२ समतोल मोडतो आणि मग लोक फ्लोमध्ये दोष शोधत बसतात. ओढा हवं तर, आकार सुचायला मदत होते, पण नंतर आकडे टाईप करून नीट करा. टाईप करताना आडवा रकानाही वाचा.

शेवटचं, व्हेन्सिमवाल्यांसाठी. सिम्युलेशनच्या तयारीत असताना लुकअप बदललंत तर तो बदल त्या रनपुरता असतो. मूळ समीकरण तसंच राहतं, बदल ठेवायचा तर सीआयएन फाइलमध्ये साठवता येतो. "काल बदललं होतं, आज जुनंच आलं" असं वाटलं तर आधी समीकरण उघडून बघा, बदल तिथे पोचलाच नसेल.