उपचारसातत्य : एचआयव्हीसह वाढणारी मुले व तरुण (सांगली-सातारा)

एचआयव्हीची गोळी रोज घेणे, ठरलेल्या तारखेला एआरटी (एचआयव्हीवरची औषधे देणाऱ्या) केंद्रावर जाणे, रक्तातला विषाणूभार, म्हणजे विषाणूचे प्रमाण, वेळेवर तपासून घेणे आणि मध्ये खंड पडलाच तर परत येणे, या सगळ्याला मिळून उपचारसातत्य म्हणतात. साधारण १० ते २४ या वयात ते टिकवणे सर्वांत अवघड जाते. सांगली-साताऱ्याकडे याविषयी बोलताना माणसे 'गोळ्या सुटल्या' असे म्हणतात, 'सोडल्या' असे क्वचितच. सरकारी नोंदीत सलग काही महिने न आलेल्याला 'एलएफयू' (लॉस्ट टू फॉलो-अप, म्हणजे पाठपुराव्यातून सुटलेला) असा शिक्का बसतो. त्यापेक्षा हे बोलीतले क्रियापद खरे आहे. या वयातली बहुतेक मुले ठरवून उपचार सोडत नाहीत. शाळा, गाव किंवा काम बदलते आणि त्या बदलात गोळ्या हातून निसटतात. हे बदल कधी येणार हे आधीच माहीत असते, त्यामुळे मदतही आधीच उभी करता येते.

१९९० आणि २००० च्या दशकांत हे दोन्ही जिल्हे जास्त लागण असलेले मानले जात. पुणे-बंगळूर महामार्गावरची ट्रकवाहतूक, माण-खटाव आणि जत-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातून मुंबईकडे जाणारे मजूर, खानापूर-विट्याकडून देशभर पसरलेले, सोने-चांदी गाळणारे गलाई कामगार : महिनोन्‌महिने घराबाहेर राहणारा पुरुष इथे नवा नव्हता. सरकारी मोफत एआरटी भारतात १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली आणि लहान मुलांसाठीचा राष्ट्रीय उपक्रम २००६ मध्ये आला. त्याआधी अनेक घरांतले आई-वडील गेले होते. मागे राहिलेली, जन्मतःच लागण झालेली मुले आजीने, मामाने, थोरल्या बहिणीने वाढवली. औषधांमुळे ती जगली आणि मोठी झाली. आजच्या तरुणांपैकी बरेच या पिढीतले आहेत. बाकीच्यांना लागण तारुण्यात झाली. त्यांची अडचण वेगळी असते, कारण त्यांना औषधाची सवय नसते आणि घरी काही सांगितलेलेही नसते.

जन्मापासून लागण असलेल्या मुलाला त्याच्या आजाराचे नाव कधी सांगायचे, हा पहिला कस. आजी सांगते, 'तुझं रक्त कमी आहे, म्हणून गोळ्या.' सात-आठ वर्षांच्या मुलाला ते पुरते. तेराव्या वर्षी ते मूल शाळेच्या पुस्तकात एड्सचा धडा वाचते, डबीवरचे नाव मोबाईलवर शोधते आणि एकट्याने उत्तर गाठते. मग राग आजारापेक्षा खोटे बोलणाऱ्यांवर जास्त येतो, आणि तो निघतो गोळीवर. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्येच सांगितले आहे की शाळकरी वयाच्या मुलाला त्याची स्थिती समजेल तशी, टप्प्याटप्प्याने सांगावी. समुपदेशकाने आधी आजीची भीती ऐकून घ्यावी लागते. 'हा बाहेर कुणाला बोलला तर?' ही भीती खोटी नसते. आडनावावरून भावकी ओळखणाऱ्या गावात एका घराची बातमी त्याच घरात राहत नाही.

गुप्तता म्हणजे काय हे गोळ्यांची डबी हातात घेतल्यावर कळते. महिन्याच्या तीस गोळ्या प्लास्टिकच्या डबीत येतात, आणि दप्तरात ती खुळखुळते. वसतिगृहात खोलीतले चौघे विचारतात, 'काय आहे रे?' मग मुले लेबल खरवडतात, डबीत कापूस कोंबतात किंवा गोळ्या कागदाच्या पुडीत बांधतात. पुडीतली गोळी ओल धरते आणि कापूसही डबीत ओल ओढतो, म्हणून दोन्ही नको, हे कुणीतरी सांगावे लागते. असल्या बारीक सल्ल्यांवरच पुष्कळ काही टिकते. सध्याची टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर यांची एकत्र गोळी दिवसातून एकदा, जेवून किंवा उपाशीपोटी, कशीही चालते. त्यामुळे नवरात्राच्या उपवासात ती थांबवण्याचे कारण नाही. मात्र शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी उपाशीपोटी तिच्याबरोबर घेतली तर डोल्युटेग्राविर शरीरात नीट शोषले जात नाही. दोन्ही जेवणासोबत घ्याव्यात, नाहीतर एआरटीची गोळी लोहाच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर. गोळीची वेळ रात्री नऊचीच हवी असेही नाही. शिरवळ किंवा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळी बदलणाऱ्या मुलाने घड्याळापेक्षा झोपून उठण्याशी गोळी जोडली तर ती कमी विसरते.

गळतीची ठिकाणे ठरलेली आहेत. दहावी-बारावीनंतरचे वसतिगृह हे पहिले. नंतर नोकरीसाठी पुणे, चाकण, भोसरी. गलाईच्या धंद्यात मामाच्या हाताखाली परराज्यात गेलेला मुलगा तर दिवाळीला किंवा गावच्या यात्रेलाच परततो. केंद्र बदलून घेता येते, नोंद दुसऱ्या राज्यातही वर्ग होते, आणि प्रकृती स्थिर असलेल्याला दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळू शकतात. पण हे जाण्याआधी विचारले तरच. गाडीत बसल्यावर कुणाला सुचत नाही. सातारा जिल्ह्यात आणखी एक वळण आहे, आणि त्यावर फार कमी बोलले जाते. इथली पोरे पहाटे भरतीसाठी धावतात. अपशिंगे गावाला मिलिटरी अपशिंगे म्हणतात, इतके सैन्य या मातीत मुरलेले. सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत एचआयव्ही असलेला उमेदवार अपात्र ठरतो. दोन वर्षे घाम गाळून मैदानावर हे कळलेला मुलगा घरी येऊन गोळ्या बंद करतो, यात नवल नाही. ज्याला त्याची स्थिती माहीत आहे अशा मोठ्या माणसाने सोळाव्या वर्षीच त्याच्यासमोर बसून हे सांगायला हवे, आणि पुढे काय करता येईल हेही त्याच बैठकीत.

लग्न हे मुलींसाठी गळतीचे मोठे कारण. सासरी डबी कुठे ठेवायची, या प्रश्नाला लग्न ठरण्याआधी उत्तर हवे. नियमित औषधाने विषाणूभार इतका खाली जातो की तपासणीत सापडत नाही, आणि तो तसाच राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. आईकडून बाळाला लागण होण्याचा धोका उपचाराविना १५ ते ४५ टक्के असतो, योग्य उपचाराने ५ टक्क्यांच्याही खाली येतो. हे आकडे तरुणांना स्वच्छ शब्दांत सांगायला हवेत. 'गोळी घे, नाहीतर मरशील' या वाक्यापेक्षा 'तुला लग्न करता येईल, मूल होऊ शकेल' हे वाक्य त्यांना गोळीजवळ धरून ठेवते. महाराष्ट्रात एचआयव्हीसह जगणाऱ्यांचे वधू-वर मेळावे भरतात, त्यांचाही उपयोग होतो.

सर्वांत जास्त ऐकले जाते ते बरोबरीच्या वयाच्या माणसाचे. सांगलीला ही गोष्ट नवी नाही. १९९२ पासून इथे काम करणाऱ्या 'संग्राम' संस्थेने, मीना सेषू यांच्या पुढाकाराने, वेश्या व्यवसायातील स्त्रियांनाच एकमेकींच्या आरोग्यकार्यकर्त्या केले. त्यातूनच 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. किशोरांसाठी तेच सूत्र झिंबाब्वेतील 'झ्वांदिरी' कार्यक्रमाने वापरले : स्वतः एचआयव्हीसह जगणारे १८ ते २४ वयाचे तरुण आपल्याहून लहानांना भेटतात, फोन करतात, सोबत केंद्रावर जातात. जागतिक आरोग्य संघटनाही अशा समवयस्क आधाराची शिफारस करते. सांगलीचे पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय किंवा साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील सर्वसाधारण रुग्णालय अशा ठिकाणी रांगेत उभ्या पंधरा वर्षांच्या मुलाला एक वीस वर्षांचा दादा भेटला, तर ती रांग त्याला वेगळी वाटते. अर्थात त्या दादाला मानधन हवे, प्रशिक्षण हवे आणि त्याची स्वतःची गुप्तताही जपली गेली पाहिजे. नुसत्या सेवाभावावर त्याला राबवणे अन्यायाचे आहे.

पैशाचा भागही मोठा. जत-आटपाडीहून येणाऱ्याचा पूर्ण दिवस जातो, म्हणजे एक रोजगार बुडतो. एसटीत एचआयव्हीबाधितांना प्रवास सवलत आहे, पण वाहक गावातलाच असेल तर कार्ड दाखवणे म्हणजे गावात दवंडी. म्हणून कित्येक जण पूर्ण तिकीट काढतात. निराधारांसाठी संजय गांधी योजना आणि अनाथ मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. शाळा, नोकरी, दवाखाना येथे भेदभाव करणे आणि संमतीविना कुणाची स्थिती उघड करणे त्याने गुन्हा-तक्रारीच्या कक्षेत आणले. त्यातली एक तरतूद इथल्या घरांना थेट लागू पडते : आई-वडील नसलेल्या किंवा आजारी असलेल्या घरात १२ ते १८ वयाचे समंजस थोरले भावंड शाळाप्रवेश, बँकखाते, उपचार अशा कामांसाठी धाकट्याचे पालक होऊ शकते. तेराव्या वर्षी घर सांभाळणाऱ्या बहिणी इथे आधीपासून होत्याच. कायद्याने त्यांच्या सहीला किंमत दिली.

परत येण्याचा क्षण नाजूक असतो. सहा महिने गायब असलेली मुलगी दारात उभी राहते तेव्हा तिला सगळ्यांसमोर 'इतके दिवस कुठं होतीस?' असे विचारले, की ती पुन्हा दिसत नाही. आधी बसवावे, पाणी द्यावे, खोकला-ताप विचारून क्षयरोगाची शंका पाहावी, सीडी४ (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी) तपासावे, आणि मग खंडाचे कारण विचारावे. डोल्युटेग्राविरविरुद्ध विषाणू सहजासहजी प्रतिकार तयार करत नाही, त्यामुळे खंडानंतरही बहुधा त्याच गोळीने विषाणूभार पुन्हा खाली येतो. हे तिला पहिल्याच भेटीत सांगावे. आपण सगळे बिघडवून बसलो अशी धास्ती घेऊनच ती आलेली असते. मन खचलेले दिसले तर 'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि एचआयव्हीविषयी माहितीसाठी १०९७ हे मोफत क्रमांक द्यावेत. पुढच्या फोनला कोणता नंबर, कोणती वेळ, आणि घरात दुसऱ्या कुणी उचलला तर कोण बोलतेय म्हणून सांगायचे, हे तिलाच विचारून वहीत लिहावे.